कोकओव्हनवाले काका

भिलाईत आडनाव लागतं ते मतदार यादीत आणि लग्नपत्रिकेवर. एरवी माणूस पोलाद प्लांटमधल्या डिपार्टमेंटवरून ओळखला जातो. एसएमएसवाले (म्हणजे स्टील मेल्टिंग शॉपवाले), रेल मिलवाले, फायनान्सवाले. ‘सेक्टर नऊवाले’ म्हटलं की हॉस्पिटलमधले, हे कोणी सांगावं लागत नाही. निवृत्तीला वीस वर्षं झाली, प्लांटच्या गेटवरचे जवान तिसऱ्यांदा बदलले, तरी बिरुद सुटत नाही. आमच्या हुडको कॉलनीतल्या काकांचं आडनाव चांगलं महालातलं, नागपूरकर आहे. पण भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहेत ते ‘कोकओव्हनवाले’ म्हणून. काकूसुद्धा फोनवर ‘मी कोकओव्हनवाल्यांकडून बोलते’ असं म्हणतात.

असे काका भिलाईत गल्लीगणिक एक सापडतात. ज्यांनी सगळी उमर आगीसमोर उभं राहून काढली आणि साठाव्या वर्षी ज्यांना एक शाल, एक घड्याळ आणि एक थंडगार अंगण मिळालं, ते हे लोक. कोणी मैत्रीबागेत पांढरे वाघ मोजत फेऱ्या मारतं, कोणी भजनी मंडळात टाळ धरतं. आमच्या काकांनी शिंगाडे धरले.

पण आधी त्यांचं दुःख सांगायला हवं, नाहीतर शिंगाडे कळणार नाहीत. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद भिलाईला आले आणि पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. काका तेव्हा नागपुरात शाळेत होते. पण हा अन्याय जणू त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. ‘फर्नेस पाहायला राष्ट्रपती आले. अरे, फर्नेसच्या पोटात काय घातलं? कोक! कोक कोणी बनवला? पाहायला आलं कोणी?’ त्यांच्या मते भिलाईतलं सगळं पोलाद, रेल मिलचे रूळ धरून, मुळात कोकओव्हनचं. बाकीच्यांनी फक्त आकार दिला. कोळसा हवाबंद ओव्हनमध्ये भरायचा, हजार अंशांच्या पुढे सोळा-अठरा तास ठेवायचा, मग लालभडक कोक ढकलून बाहेर काढायचा आणि त्यावर पाणी ओतायचं. चार्जिंग, पुशिंग, क्वेंचिंग. क्वेंचिंगचा तो पांढरा ढग प्लांटवर उठला की काका आजही गच्चीवरून घड्याळ पाहतात आणि म्हणतात, ‘चार मिनिटं लेट.’

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष काकूंनी कसं काढलं ते त्यांनाच माहीत. काका खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसत. ‘ज्योत पिवळी आहे, हवा कमी पडून राहिली.’ ‘पोळी काढलीस तिथून सहा सेकंद तवा रिकामा होता, हीट लॉस.’ कुकरच्या शिट्या ते वहीत टिपायला लागले त्या दिवशी काकूंनी शांतपणे एक पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यात सुपेल्याच्या रविवार बाजारातले दोन किलो कच्चे शिंगाडे होते. ‘अहो, हे घ्या आणि अंगणात जा. काय जाळायचं ते तिथे जाळा.’

शिंगाडा हे इथलं हिवाळ्याचं फळ. दुर्ग-भिलाईच्या आजूबाजूला तळ्यांना तोटा नाही. पावसाळ्यात तळ्यावर पानांची जाळी पसरते आणि दसरा-दिवाळीपासून ढीमर-केवट मंडळी कंबरभर पाण्यात उतरून किंवा डोंग्यातून शिंगाडे तोडू लागतात. वेळेत तोडले नाहीत तर पिकलेलं फळ आपोआप गळून तळाशी जातं आणि पुढच्या वर्षीचं बी होतं. रस्त्याकडेला दोन ढीग असतात: एक हिरवा-लाल, कच्च्या शिंगाड्यांचा, दुसरा काळा, उकडलेल्यांचा. बाई सुरीनं एकेक अर्धवट चिरून पानावर देते. वर मीठ-मिरचीची चटणी. इतकं साधं आहे. पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसगढ शिंगाडा उकडून खात आलाय आणि कोणाची तक्रार नव्हती.

काकांची होती. ‘उकडणं ही प्रोसेसच नाही. पाणी शंभराच्या वर जात नाही. शंभर अंशांत काय होतं? चहा!’

शिंगाडा भाजला पाहिजे, आणि तो पद्धतशीर भाजला पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त. त्याला आधार होता कीव्हचा. काका ऐन तरुणपणी सोव्हिएत युनियनमध्ये ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा भिलाईहून असे पुष्कळ जात. येताना त्यांनी एक फरची टोपी, तीन रशियन वाक्यं आणि एक आठवण आणली. कीव्हच्या फुटपाथवर चेस्टनट पडलेले असतात, ते त्यांनी वेचले, हॉस्टेलच्या हीटरवर भाजले आणि खाल्ले. ‘ते चेस्टनट, हे वॉटर चेस्टनट. भाऊच म्हणा. तिकडे रस्तोरस्ती भाजून विकतात, अन् आपण उकडून लगदा करतो!’ दोन्हींचा वनस्पती म्हणून काडीचा संबंध नाही, एक मोठ्या झाडाचं बी आणि दुसरं तळ्यातल्या वेलीचं, हे कोणी म्हटलं तर काका हात झटकत. चायनीज हॉटेलात डब्यातून येतो तो वॉटर चेस्टनट तर तिसराच, एका लव्हाळ्याचा कंद. पण एवढं मानायला हवं की काकांच्या बोलण्यात तथ्य होतं. चेस्टनटला कवच असलं म्हणून तो बदामाच्या जातीचा होत नाही. त्यात तेल जवळपास नसतंच. निम्मं पाणी आणि उरलेला बहुतेक पिठूळपणा. शिंगाडाही तसाच. दोघे मनानं बटाटे आहेत. म्हणून दोघे भाजता येतात आणि म्हणूनच दोघे फुटतात. कवच घट्ट, आत पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला वाट लागते, आणि वाट दिली नाही तर ती स्वतः करते.

हे कळायला काकांना एक स्फोट लागला.

भट्टी त्यांनी महिनाभर खपून बांधली होती. तेलाचा पिंप अर्धा कापलेला, आतून फायर ब्रिकचं अस्तर. विटा भंगारवाल्याकडून विकत घेतलेल्या आणि त्याची पावती लॅमिनेट करून भट्टीच्या पायाला तारेनं बांधलेली. उभ्या नोकरीत गेटवर सीआयएसएफच्या जवानाला डबा उघडून दाखवलेला माणूस. अजूनही कोणी अंगणात आलं की आधी पावती दाखवतो. पहिली आग १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेच्या मुहूर्तावर. भट्टीला हार, नारळ, कुंकू. गल्लीला पेढे. काकांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, हे मी वाढवून सांगत नाही. त्या दिवशी शिंगाडे बाजारात आलेलेच नव्हते, त्यामुळे ‘ट्रायल रन’ म्हणून चार बटाटे चार्ज झाले आणि त्यांचा निकाल गोपनीय राहिला.

मग शिंगाडे आले. कढईत भरले, वर झाकण. पण ओव्हन म्हटला की हवाबंद पाहिजे. जुन्या काळी कोकओव्हनची दारं चिखलानं लिंपायचे, त्याला ल्यूटिंग म्हणत. काकांनी काकूंच्या पोळ्यांची मळलेली कणीक घेतली आणि झाकण कढईला लिंपून टाकलं. साधारण अकराव्या मिनिटाला झाकण पेरूच्या झाडात गेलं. शिंगाडे चारी दिशांना. एक रेल मिलवाल्यांच्या स्कूटरच्या आरशावर लागला, एक शेजारच्या बंगाली दादांच्या चहात पडला, बाकीचे दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडत होते. कुत्रा जो गेला तो थेट आमदीनगरच्या मैदानापाशी थांबला. काकू बाहेर आल्या, त्यांनी आधी काकांकडे आणि मग पेरूकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कणीक किती घेतली?’

काकांनी संध्याकाळी एक पानी अहवाल लिहिला. शीर्षक: ‘निअर मिस’. कारण: वाफेला मार्ग नसणे. उपाय: प्रत्येक शिंगाड्यास भाजण्यापूर्वी काप देणे. जबाबदार व्यक्ती या रकान्यात त्यांनी कणीक लिहिली.

युरोपात चेस्टनट भाजणारा कोणताही फेरीवाला जे आपल्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो, ते काकांनी असं स्वतंत्रपणे शोधून काढलं. पुढे काप देण्यासाठी आजीचा पितळी अडकित्ता निघाला. आधी दोन्ही शिंगं उडवायची, मग पोटावर एक चीर. शिंगाड्याचे काटे बोटात गेले की तीन दिवस ठसठसतात, म्हणून वेल्डरचे हातमोजे. हातमोजे घालून अडकित्ता चालवणारा माणूस पाहायला मुलं शाळेतून थेट इकडे यायची. तापमानासाठी काकांनी करोनात घेतलेली कपाळाला लावायची थर्मल गन काढली. ती माणसासाठी बनवलेली. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे तिच्या पडद्यावर आकडा येत नाही, इंग्रजीत ‘हाय’ येतं. कढईवर धरली, हाय. निखाऱ्यावर धरली, हाय. काकांनी रजिस्टरच्या तापमानाच्या रकान्यात इमानदारीनं वरपासून खालपर्यंत ‘हाय’ लिहिलंय. काकू म्हणाल्या, ‘मीही भिंतीवर डोकं टेकून हेच म्हणत असते.’

हे रजिस्टर वाचण्यासारखं आहे. पुशिंग नंबर, चार्ज वजन, चार्जिंगची वेळ, पुशिंगची वेळ, फुटलेले, जळालेले, कच्चे. ‘शेरा’ या रकान्यात एकाच हस्ताक्षरात दोन वर्षांची नोंद: ‘सुधारणेस वाव.’ एक रकाना काकूंनी पेन्सिलनं आखून दिलाय, ‘खाल्लेले’. तो बऱ्याच पानांवर कोरा आहे.

कारण चवीचं सांगायचं तर काकांचे शिंगाडे बरे नसतात. आच मोठी, त्यामुळे कवचाखालचा थर चामड्यासारखा होतो आणि मधे गाभा कच्चाच राहतो. रस्त्यावरच्या बाईचा उकडलेला शिंगाडा सगळीकडून एकसारखा शिजलेला, मऊ, किंचित गोड. भडभुंज्याची वाळू वापरली असती तरी आच एकसारखी लागली असती. हे काकांना रेल मिलवाल्यांनी सुचवलंही. काका विचारात पडले आणि म्हणाले, वाळूपेक्षा ग्रॅन्युलेटेड स्लॅग बरी, भट्टीची असते, स्टँडर्ड मटेरियल, जामुलला तिचं सिमेंट करतात. काकूंनी तो विषय तिथेच मिटवला. ‘स्लॅगमधलं खाणं या घरात शिजणार नाही.’ गाव पोलादाचं असलं तरी स्वयंपाकघरात शेवटचा शब्द कोणाचा, हे सेक्टर एकपासून दहापर्यंत सगळीकडे सारखंच आहे.

तरीही भाजणीच्या संध्याकाळी अंगण भरतं. भिलाईला लघु भारत म्हणतात ते अशा वेळी पटतं. रेल मिलवाले शेजारी शिंगाडा डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटतात आणि त्याची सरळ रेषा पाहतात. दोनशे साठ मीटर लांबीच्या रुळांत ज्यांनी बाक शोधला त्यांना दोन शिंगांच्या शिंगाड्याचं समाधान कसं व्हावं? फायनान्सवाले लाकूड, कोळसा, विटांचा घसारा धरून एका नगाचा भाव काढतात. तो त्या दिवशीच्या काजूच्या भावापेक्षा जास्त निघतो आणि काकांना ते कौतुक वाटतं. बंगाली दादा कच्चा शिंगाडा सोलून कचाकच खातात. ‘पानीफोल कांचाच चांगला, दादा.’ काका तुच्छतेनं म्हणतात, ‘रॉ मटेरियल खाणारी माणसं!’ शिंगाडे घेऊन येणारी म्हातारी एकदा थांबून सगळा सोहळा बघत राहिली. ‘आजेच निकाले हन, बबा,’ एवढंच ती म्हणाली. आजच तळ्यातून काढलेत, आणि बघा तुम्ही काय चालवलंय. काकांनी तिला खुर्ची दिली, रजिस्टर दाखवलं आणि एक भाजलेला दिला. तिनं चावून पाहिला आणि उरलेला पदराला बांधला. घरी जाऊन उकडणार असावी.

कार्तिकी एकादशीला तर दोन्हीकडचा मेळ पडतो. इथली माणसं त्याच दिवशी जेठौनी करतात, अंगणात उसाचा मांडव, देवापुढे ऊस, बोरं, शिंगाडे. आपल्याकडे उपास. शिंगाडा धान्य नाही, फळ. म्हणून त्याचं पीठ उपासाला चालतं हे सर्वांना ठाऊक आहे. काकूंचा शिंगाड्याच्या पिठाचा शिरा खायला मी त्या दिवशी मुद्दाम जातो. शिरा आत मिळतो. पण आत जाण्याचा रस्ता अंगणातून आहे.

मागच्या दिवाळीत मात्र काकांवर खरं संकट आलं. मुलगी आली. ती दोन वर्षं म्युनिकला राहिलेली, आता शिमल्याला असते. तिकडच्या डोंगरात लावलेल्या झाडांचे एक किलो खरे, खाण्याचे चेस्टनट तिनं आणले. तपकिरी, गुळगुळीत, एका टोकाला शेपटी. काकांनी ते हातात घेतले आणि डोळे पाणावले. ‘हेच! कीव्हचे हेच!’

मुलगी म्हणाली, ‘बाबा, कीव्हच्या रस्त्यावरची झाडं हॉर्स चेस्टनटची. ते खात नाहीत. विषारी असतात. आमच्याकडे शिमल्याला पण आहेत, खनोर म्हणतात.’

अंगणात शांतता. काकूंनी पन्नास वर्षं ऐकलेली कीव्हची कथा एका वाक्यात गेली होती आणि त्यांना आनंद लपवता येत नव्हता. काका क्षणभरच थांबले. ‘आमचं ट्रेनिंग वेगळं होतं,’ ते म्हणाले. पुढे मुलीनं खोदून विचारल्यावर एवढं बाहेर आलं की दुभाष्या बाईंनी ऐनवेळी हातातून काढून घेतले होते. म्हणजे भाजले होते हे खरं. खाल्ले हे प्रगतीच्या ओघात आलेलं.

त्या रात्री चेस्टनट भाजले गेले, पण मुलीच्या पद्धतीनं आणि काकूंच्या ओट्यावरच्या छोट्या ओव्हनमध्ये. आधी पाण्यात टाकून पाहिले. जे तरंगले ते किडके किंवा सुकलेले, बाजूला. उरलेले अर्धा तास भिजवले. मग प्रत्येकाच्या फुगीर बाजूवर फुलीचा काप, कवच चिरावं पण गराला लागू नये असा. हे काम काकांनी केलं आणि असा काप मी फक्त डोळ्यांच्या डॉक्टरकडे ऐकलाय. दोनशे अंश, पंचवीस मिनिटं. काप उलगडून कवच मागे वळलं, आतला पिवळसर गर दिसला. बाहेर काढून जाड पंचात गुंडाळले आणि दहा मिनिटं तसेच ठेवले. आतली पातळ साल गराला चिकटून बसते. वाफेत ती सुटते, पण गरम असेपर्यंतच. थंड झाले की नखं तुटतात. पंचा पाहून काका हर्षले. ‘सोकिंग पिट! इनगॉट आतबाहेर एका तापमानाला यावा म्हणून ठेवतात ना, तेच!’ मग सगळ्यांनी हाश-हूश करत सोलले. पिठूळ, मऊ, रताळ्याच्या वळणाचा गोडवा. एकही फुटला नाही, एकही जळाला नाही, एकही कच्चा नव्हता. रेल मिलवाल्यांनी तीन खाल्ले आणि सरळ रेषेचं नावही काढलं नाही.

सगळे काकांचं अभिनंदन करत होते आणि काका उतरत चालले होते. रजिस्टर उघडून त्यांनी नोंद केली: फुटलेले शून्य, जळालेले शून्य, कच्चे शून्य. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून ते बराच वेळ बसले. ‘सुधारणेस वाव’ लिहिता येईना. पुढचे दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. मला हळूच म्हणाले, ‘पहिल्याच पुशिंगला शंभर टक्के? मोजण्यात गडबड आहे. आणि असं झालं तर उद्या माणसानं उठून करायचं काय?’

तिसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय जाहीर केला. चेस्टनट ही वस्तू भारतीय परिस्थितीला योग्य नाही, तिच्यात आव्हान नाही. उरलेले चेस्टनट काकूंनी खिरीत घातले. त्याच दुपारी काका सुपेल्याला जाऊन चार किलो शिंगाडे घेऊन आले, भट्टीतल्या दोन विटा काढून नव्या बसवल्या, त्याला ‘कॅपिटल रिपेअर’ म्हणाले, आणि संध्याकाळी पेरूच्या झाडाखालून पुन्हा धूर निघाला. पहिल्या चार्जमध्ये नऊ फुटले. मी इतकं प्रसन्न त्यांना दिवाळीतही पाहिलं नव्हतं.

तेव्हा हिवाळ्यात कधी भिलाईला उतरलात आणि हुडकोकडे यायचं झालं, तर धुराच्या दिशेनं या. घर चुकणार नाही. पावती दाखवतील ती वाचा, रजिस्टर उघडतील ते चाळा. शिंगाडा हातात ठेवून ‘कसा झालाय?’ असं विचारलं तर ‘छान’ म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं. ‘मधे थोडा कच्चा आहे,’ म्हणा. ते खरंही असेल. आणि येताना सुपेल्यात पाव किलो उकडलेले घेऊन रस्त्यातच संपवा, पण हातांना वास राहू देऊ नका.